भुंग्याच्या रडण्याचे दिवे

आधी दिवा लागला आणि मग भुंगा रडायला लागला. व्हायला हवं होतं उलटं.

मी स्वयंपाकघराच्या दारात हातात चमचा घेऊन उभी होते. पाळण्यात आमचा भुंगा तोंड उघडं टाकून, दोन्ही मुठी कानांशी नेऊन, दिवसभर हमाली करून आल्यासारखा झोपला होता. शेजारी खुर्चीत सासूबाई त्याच्या लंगोट्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या आणि दोरीवरचे टॉवेल अजून ओले आहेत, आत आणू नकोस, असं मला सांगत होत्या. समोरच्या कपाटावर मी बनवलेला डबा होता. त्याच्यावरचा लाल दिवा लागला. मी भुंग्याकडे पाहिलं. गाढ झोपेत. दिवा मात्र लागलेलाच. मग त्याच्या ओठांना मुरड पडली, नाक लाल झालं, आणि आधी ती लांबलचक गुणगुण, जिच्यावरून त्याला हे नाव पडलं, ती करून झाल्यावर त्याने जो सूर लावला तो जिन्यापर्यंत गेला असेल.

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दिवा पाहिला आणि टाळी वाजवली. "लागला गं लागला! चालतो तुझा डबा!"

"चालतो," मी तोंड त्यांच्याकडे करून म्हटलं. पण माझा चेहरा बहुतेक वेगळंच सांगत होता, कारण त्यांनी हातातली लंगोटी खाली ठेवली.

संध्याकाळी नवरा आला. तो शाळेची बस चालवतो, त्यामुळे घरी येताना त्याच्या अंगाला पोरांच्या डब्यांचा आणि पेन्सिलींचा वास असतो. मी त्याला दारातच धरलं.

"अरे, डबा आधीच लागतो. तो रडायच्या आधी!"

"मग चांगलंय की. भविष्य सांगतो. बाहेर पाटी लावू."

"चेष्टा नको. रविवारी ताई येणार आहेत."

ताईंचं नाव काढल्याबरोबर त्याची चेष्टा थांबली. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. गाडी चालवण्याचा परवाना हवा असणाऱ्यांची परीक्षा घेणं हे त्यांचं काम, आणि त्या कामात त्यांनी सख्ख्या भावालासुद्धा एकदा नापास केलेलं आहे. आरशात न बघता गाडी वळवली म्हणून. तो अजून विसरलेला नाही. आरशात मात्र बघतो.

गोष्ट अशी होती की सोमवारी माझी रजा संपत होती. मी ज्या वर्कशॉपमध्ये काम करते तिथे अ‍ॅम्प्लिफायर, माइक, स्पीकर, असली आवाजाची यंत्रं दुरुस्तीला येतात. मला ते काम आवडतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याची आठवण यायला लागली होती. भुंग्याला कुशीत घेऊन बसावं, त्याच्या टाळूचा वास घ्यावा, आणि तेवढ्यात मनात एखादा कपॅसिटर येऊन बसावा, असं चाललं होतं. आईंनी तर पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "तू जा कामावर. हा माझा." जणू मी त्यांच्यासाठी बाजारातून काही आणलं होतं.

आईंना ऐकू येत नाही. सगळं तारुण्य कापडाच्या कारखान्यात गेलं, दोन्ही बाजूंना माग खडखडत असताना. बरेचसे कान तिथेच गेले, उरलेसुरले पुढे एका तापात गेले. समोर तोंड करून बोललं तर ओठांवरून त्यांना सगळं कळतं. पाठीमागे मात्र छप्पर कोसळलं तरी पत्ता लागणार नाही. कानातलं यंत्र आहे, पण ते शिट्ट्या मारतं आणि भांडी आदळल्याचे आवाज तेवढे मोठे करून देतं, म्हणून ते ड्रॉवरमध्ये असतं. मग भुंगा आतल्या खोलीत उठून रडायला लागला आणि आई इकडे भाजी चिरत असल्या, तर?

ताईंनी हे मागच्या वेळी स्पष्ट बोलून दाखवलं होतं. "पाळणाघरात ठेवा. आईवर टाकू नका. उद्या काही झालं ना, तर ती स्वतःला माफ करणार नाही." त्यात वाईट काही नव्हतं, खोटंही नव्हतं. फक्त बोलताना त्यांनी तोंड फिरवायला हवं होतं. आईंनी सगळं वाचलं. उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि मी नुकतीच पुसलेली शेगडी पुन्हा पुसत बसल्या. पाठमोऱ्या. त्या पाठीकडे बघूनच मी ताईंना म्हटलं होतं, "तो रडला की आईंना कळेल असं काहीतरी मी करते. रविवारी या आणि बघा."

"पटलं तर हो म्हणेन," ताई म्हणाल्या. "नाही पटलं तर नाही."

"नापास करू नकोस म्हणजे झालं," नवरा पुटपुटला.

"आरशात बघायचं असतं," ताई म्हणाल्या.

आवाज झाला की दिवा लागेल असा डबा करणं सोपं होतं. पण मग तो दिवा विझलाच नसता. रस्त्यावरचे भोंगे, किटलीची शिट्टी, दारावरची घंटी, नवऱ्याच्या शिंका. सगळ्यांना लागला असता, आणि दोन दिवसांत आईंनी त्याच्याकडे बघणंच सोडलं असतं. मला फक्त भुंग्याचं रडणं निवडून काढायचं होतं.

ते निवडता येतं. कारण कुठलाही आवाज एकटा येत नाही. भुंगा रडतो तेव्हा तळाला एक मूळ सूर असतो आणि त्याच्या खांद्यावर त्याच्या दुप्पट वेगाने थरथरणारा एक, त्याच्या वर तिप्पट वेगाचा एक, असे बारीक बारीक सूर एकावर एक चढून बसलेले असतात. आपला कान त्यांना सुटं करत नाही, सगळ्यांना मिळून 'भुंगा रडतोय' म्हणतो. किटलीची शिट्टी म्हणजे जवळजवळ एकटाच उंच सूर, खाली काही नाही. घंटीचे सूर दुप्पट-तिप्पट अशा शिस्तीत बसतच नाहीत, भलतीकडे पडतात. तेव्हा मूळ, दुप्पट आणि तिप्पट हे तिघे एकदम हजर असले तर समजायचं की आपलंच पोर.

दोन कपॅसिटर, तीन रेझिस्टर आणि एक छोटी चिप, एवढ्यात एका सुराची गाळणी होते. ती आपल्या सुराला आत घेते, बाकीच्यांना दारातूनच परत पाठवते. मी अशा तीन गाळण्या केल्या. भुंगा झोपला की बाल्कनीतल्या टेबलावर सोल्डरिंग, तो उठला की हात धुऊन पाळणा. नवरा म्हणाला होता, "मोबाईलवर अ‍ॅप असेल की याचं." असेल. पण मोबाईल झोपतो, त्याची बॅटरी संपते, आणि आई तो उलटा धरतात.

सगळ्यात अवघड होतं ते मूळ सूर नक्की कुठे आहे ते शोधणं. त्यासाठी भुंग्याने रडायला हवं होतं. मी मांडीवर त्याला थोपटत एका हाताने नॉब फिरवत होते आणि मीटरचा काटा कुठे सगळ्यात उंच उडतो ते बघत होते. माझ्यातली आई म्हणत होती, बस झालं, घे त्याला जवळ. माझ्यातली कारागीर म्हणत होती, अजून एक मिनिट, राजा, फक्त एक मिनिट. भुंग्याने दोघींवरही चिडून माझ्या सर्किटवर दूध ओकलं.

तर असा हा डबा. आणि तो आता भुंगा रडण्याच्या आधी लागत होता.

पुढचे दोन-तीन दिवस मी त्याच्या मागे लागले. एक कपॅसिटर बदलला. विजेच्या तारांची घरघर आत शिरत असेल म्हणून माइकची तार बदलली. डबा कपाटावरून खिडकीत, खिडकीतून पुन्हा कपाटावर. मी आणि भुंगा दोघंच असलो की डबा अगदी शहाण्यासारखा वागायचा. किटलीला गप्प, घंटीला गप्प, भोंग्याला गप्प, भुंगा रडला की लख्ख. आई खोलीत असल्या की मात्र वेड्यासारखं करायचा. लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा, आणि मग हटकून भुंगा उठायचा.

"माझ्या हातात वीज आहे का काय?" आई हसून म्हणाल्या. पण हसणं वरवरचं होतं. मग भुंग्याला उचलून घेत हळूच विचारल्यासारखं म्हणाल्या, "मी घेतलं की जास्तच रडतो नाही का गं हा? तुझ्याकडे नाही एवढा रडत."

"छे, काहीतरीच," मी म्हटलं. पण ते खरं होतं, आणि आम्ही दोघी ते बघत होतो.

मग एका दुपारी मी डब्याच्या मधल्या गाळणीला हेडफोन जोडला. डब्याला काय ऐकू येतंय ते मलाच ऐकू दे, म्हटलं. आतल्या खोलीत आई भुंग्याला झोपवत होत्या. हेडफोनमध्ये आधी खसखस होती, मग एकदम एक सूर आला, भक्कम, टोकदार, अगदी गाळणीच्या मधोमध. मी दचकून हेडफोन काढला. भुंगा नव्हता तो. आई अंगाई गात होत्या.

तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकू आला. म्हणजे रोजच येतो, पण लग्न होऊन आल्यापासून इतकी सवय झाली होती की घड्याळाच्या टिकटिकीसारखा तो माझ्या हिशेबातच नव्हता. कारखान्यात मागांच्या वर आवाज पोचवायचा तर बायका गळा वर चढवून, ताणून, एका विशिष्ट पट्टीत हाक मारायच्या. खालचे सूर खडखडाटात बुडतात, वरचे तेवढे पार होतात. आईंचा गळा तिथेच घट्ट बसला होता. बोलणं त्या पट्टीत, हसणं त्या पट्टीत आणि अंगाईसुद्धा. आणि ती पट्टी नेमकी भुंग्याच्या रडण्याची होती. मूळ, दुप्पट, तिप्पट, सगळे सूर जागच्या जागी. डबा बिचारा बरोबर सांगत होता. कोणीतरी रडण्याच्या सुरात ओरडतंय. आणि ते ऐकून भुंगा दचकून उठत होता.

मी नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ बसच्या किल्ल्या बोटावर फिरवत राहिला.

"आम्ही सगळेच मोठ्याने बोलतो," तो म्हणाला.

"सगळे त्यांच्याशी मोठ्याने बोलतात. त्या सगळ्यांशी मोठ्याने बोलतात. आपल्या कोणाच्या लक्षातच आलं नाही."

"आता सांगणार कोण?"

"तुझी आई आहे."

"तुझा डबा आहे."

"म्हणजे मी जाऊन सांगू, की आई, तुमच्या आवाजाला बाळ घाबरतं?"

तो वाक्य मनात म्हणून बघत होता, ते मला दिसलं. मग म्हणाला, "नको. ती मग त्याच्याशी बोलायचंच बंद करेल. मला माहितीये ती. हसत हसत बंद करेल."

तीच भीती मलाही होती. म्हणून मी भित्र्यासारखं एक काम केलं. सांगायचं टाळून डबा पुन्हा उघडला. तिघांनी हो म्हटल्यावर एक दिवा, ही जोडणी तोडली. अजून दोन गाळण्या वाढवल्या, चौपटीची आणि पाचपटीची, आणि प्रत्येकीला स्वतःचा दिवा दिला. खालून वर, एकावर एक. आई आणि भुंगा यांच्यात या पाच दिव्यांत काहीतरी फरक दिसेल, मग तो फरक डब्याला शिकवू आणि कोणाला काही सांगावं लागणार नाही, असा माझा विचार होता.

दुसऱ्या दिवशी भुंगा दूध पिऊन माझ्या खांद्यावर पेंगत असताना आई डब्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"अगंबाई, एकाचे पाच झाले?"

पाचही दिवे लागले.

आईंनी दिव्यांकडे पाहिलं, मग भुंग्याकडे. "हा तर झोपलाय."

पाचही दिवे लागले. भुंगा खांद्यावर दचकला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

आई गप्प झाल्या. दिवे विझले. आई त्यांच्याकडे बघत राहिल्या, पाण्यात काय पडलंय ते बघावं तशा. मग अगदी मुद्दाम, एकच अक्षर म्हणाल्या. "आ."

पाचही.

"ही मी आहे?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, आणि त्या प्रश्नालाही पाची दिव्यांनी उत्तर दिलं.

मी मान हलवली. आईंनी हात तोंडावर ठेवला. मग भुंग्याच्या पायाला एका बोटाने हात लावला, आणि वळून बाल्कनीत गेल्या. दोरीवरचे कपडे काढायला लागल्या. वाळलेले, ओले, सगळेच. मी आत उभी होते. भुंग्याला घेऊन त्यांच्या मागे जावं की जाऊ नये ते मला कळेना. नवरा म्हणाला होता तसं, आता त्या हसत हसत बंद होतील, असं मला वाटलं.

कपड्यांचा ढीग घेऊन त्या आत आल्या. ढीग खुर्चीवर टाकला. डोळे ओले होते, पण कपाळावर जी आठी होती ती मी ओळखली. सुईत दोरा जात नसला की तीच असते.

"शिकव," त्या म्हणाल्या. पाच दिवे.

"काय शिकवू?"

"हे विझवायला."

मग आमची ती एक भन्नाट दुपार झाली. त्यांचा तळहात मी त्यांच्याच छातीवर ठेवला. वर ताणलेला आवाज गळ्यात आणि डोक्यात थरथरतो, खालचा छातीत थरथरतो. कानांनी कळत नसलं तरी हाताला कळतं. त्यांनी एकदा केलं, पाच. पुन्हा केलं, चार. "एक गेला!" त्या ओरडल्या, आणि तो परत आला. आम्ही दोघी इतक्या हसलो की भुंगा डोळे उघडून एकदा मला, एकदा त्यांना बघत राहिला. त्यांनी हलकेच, ओठ मिटून, छातीतून गुणगुणायचा प्रयत्न केला. तीन. श्वास सोडून दिला, खांदे पाडले. दोन. मग वरचे सगळे गप्प झाले आणि तळाचा एकच दिवा मिणमिणत राहिला, फुंकर घातलेल्या कोळशासारखा.

मी त्यांना खूण केली, थांबू नका. थांबल्या असत्या तर मी रडले असते. तो आवाज मी पूर्वी कधी ऐकलाच नव्हता. थोडा खरखरीत, थोडा सुराच्या खाली, उबदार. भुंग्याने मान वळवली आणि आवाज कुठून येतो ते शोधायला लागला.

पुढचे दिवस आई डब्यासमोरून हलेनात. आपला आवाज तर त्यांनी बसवलाच, शिवाय भुंग्याचे दिवे वाचायला लागल्या. "एकच दिवा आणि एक लांब गुणगुण, ही झोप. खालचे तीन भरून लागले की भूक. पाची झटकन लागून विझले, तर काहीतरी टोचलंय, लंगोट बघ." मी मागून ऐकत असायचे आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. "आणि हे बघ," त्या एकदा म्हणाल्या, "पहिला लागतो, विझतो, मग हा थांबून आपल्याकडे बघतो, पुन्हा लागतो. हे नाटक. बापावर गेलाय."

"मी ऐकतोय," नवरा त्यांच्या समोर येत म्हणाला.

"मी नाही," आई म्हणाल्या, दोनच दिव्यांत.

रविवारी ताई आल्या. चप्पल काढायच्या आधीच डब्याकडे बघितलं. चहा घेतला. भुंगा आतल्या खोलीत झोपला होता, डब्याचा माइक त्याच्या उशाशी होता आणि दिवे बाहेर, आईंच्या समोर. आई भाजी निवडत होत्या. ताईंनी कप ठेवला, "मी जरा बाळाला बघून येते," म्हणाल्या आणि आत गेल्या. मला त्यांची चाल ओळखू आली. परीक्षेला निघाल्या होत्या.

आतून रडण्याचा आवाज आला. भुंग्याचंच रडणं, हुबेहूब. डब्यावरचे दिवे लागले.

आईंनी दिव्यांकडे पाहिलं आणि शेंगांच्या शिरा काढत राहिल्या.

रडणं चालूच. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. आईंनी पुन्हा एकदा मान वर केली, दिवे नीट बघितले, आणि पुढची शेंग घेतली. मी उठणार तेवढ्यात ताईच दारात आल्या. हातात मोबाईल, त्यातून भुंगा रडतोय. मागच्या वेळी त्यांनी तो रेकॉर्ड करून नेला होता.

"बघितलंत?" त्या आमच्या दोघांना म्हणाल्या. चेहऱ्यावर आनंद नव्हता, उलट चेहरा पडला होता. "दिवे लागलेत. आणि ती बसून आहे. मला हेच होऊ नये असं वाटत होतं."

मग त्या आईंसमोर जाऊन बसल्या आणि तोंड नीट दिसेल असं म्हणाल्या, "आई, दिवे लागले. तू उठली का नाहीस?"

"कोणासाठी उठू?" आई म्हणाल्या. "हा आपला नाही."

"आई, आपलाच आहे. मी स्वतः..."

"पहिला दिवा कुठाय?" आईंनी शेंगेनेच डब्याकडे बोट केलं. वरचे चारही दिवे लागले होते. तळाचा जवळजवळ मेलेला. "भुंग्याचा पहिला दिवा सगळ्यात मोठा असतो. हे कोणीतरी डबीत कोंबलेलं पोर आहे. त्याला पोटच नाही."

मी हसायला लागले ते मला थांबेना. मोबाईलचा स्पीकर नखाएवढा. त्याला खालचे सूर झेपत नाहीत, वरचे तेवढे कर्कश निघतात. हे मला माहीत असायला हवं होतं, माझा धंदाच तो. तरी मी उठून आत धावणार होते आणि आई शांतपणे भाजी निवडत होत्या. मी ताईंना ते समजावून सांगितलं. ताईंनी मोबाईल बंद केला, डब्याकडे बघितलं, मोबाईल पुन्हा चालू केला, पुन्हा बघितलं. परवाना देण्याआधी गाडी दुसऱ्यांदा वळवून दाखवायला लावतात तसं.

एवढ्या गोंधळाने खरा भुंगा उठला. तळाचा दिवा भरभरून लागला, मग दुसरा, तिसरा. आईंच्या हातातली शेंग ताटात पडली. आमच्यापैकी कोणी हलायच्या आत त्या आत होत्या.

आम्ही तिघं बाहेरून दिवे बघत होतो. तीन लागलेले, कडकडून. मग आईंचं गुणगुणणं सुरू झालं. ते छातीतून येत होतं, हलकं, खरखरीत. तिसरा दिवा फडफडला आणि गेला. दुसरा जरा वेळ हट्ट करून बसला. मग तोही गेला. तळाचा मंद होत होत राहिला, आणि आता तो भुंग्याचा होता की आईंचा ते डब्यालाही सांगता आलं नसतं.

ताई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

"ही कोण गातेय?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"आई," नवरा म्हणाला.

"आईचा आवाज असा नाही."

"असा आहे. तिला आत्ताच कळलाय."

ताई आत गेल्या आणि पाळण्याशेजारी जमिनीवरच बसल्या, एवढ्या इस्त्रीच्या साडीत. आईंनी त्यांच्याकडे पाहिलं, गुणगुणणं थांबवलं नाही. एक हात पाळण्यावर होता, दुसरा ताईंच्या डोक्यावर ठेवला.

"माझ्या वेळेला का नाही असं गायलीस?" ताईंनी विचारलं. आईंना दिसेल असं तोंड वर करून.

"तुझ्या वेळेला माग चालू होते," आई म्हणाल्या. "मी ओरडून गायले तरच तू झोपायचीस. सवय होती तुला. शांत झालं की उठायचीस."

ताई एकदम हसल्या आणि नाक पुसलं. मग उठून बाहेर आल्या, पर्स उचलली, आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "पास. पण मला असाच एक डबा हवाय. आमच्याकडच्या ह्यांना बातम्या ऐकताना किती दिवे लागतात ते एकदा दाखवायचंय."

सोमवारी सकाळी मी चप्पल घालून दारात उभी होते आणि हलत नव्हते. दूध कुठे आहे ते सांगून झालं. लंगोट कुठे आहेत ते सांगून झालं. डब्याची पिन सैल वाटली तर काय करायचं ते सांगितलं. भुंगा आईंच्या कडेवर बसून त्यांच्या गळ्यातली माळ तोंडात घालत होता आणि माझ्याकडे असा बघत होता की ही बाई कोण, ओळखीची वाटते.

"आणि काही लागलं तर फोन..." मी म्हटलं, आणि थांबले.

"फोन मला ऐकू येत नाही," आई म्हणाल्या. "दिवे वाचता येतात. तुझं तोंड बंद झालेलंही वाचता येतं, पण ते काही अजून दिसलं नाही. जा आता."

दार लागलं. मी जिना उतरले. खाली शिंप्याच्या दुकानापाशी पोचेपर्यंत कान वरच लावून होते. एरवी आमच्या घरातलं बोलणं इथपर्यंत सहज येतं. आई भुंग्याला काय म्हणाल्या, नवऱ्याला काय म्हणाल्या, सगळं. शिंपी मशीन थांबवून वर बघत होता.

"आज घरी कोणी नाही वाटतं?" त्याने विचारलं.

"आहेत ना," मी म्हटलं. "दोघंही आहेत."